एका घराची एकच ओळ

आर्णी यवतमाळ जिल्ह्यात येते, महसुलाला अमरावती विभागात येते आणि लोकसभेला चंद्रपूर मतदारसंघात मोजली जाते. अरुणावतीच्या काठचं गाव तेच, माणसं तीच; ज्या यादीत पाहावं तिथे त्यांचा गट वेगळा. मतदाराचं यात फारसं बिघडत नाही, कारण प्रत्येक यादीत त्याचं नाव एकदाच असतं. कर्जदाराचं तसं नाही. त्याचं नाव सोसायटीच्या वहीत असतं, बँकेच्या संगणकात असतं, सातबाऱ्यावर असतं, आठ-अवर असतं, रेशनकार्डावर असतं, आणि यांतल्या काही ठिकाणी दोन-तीनदा असतं. अशा माणसाला सरकारला एकदाच काही द्यायचं झालं, तर त्याच्या साऱ्या ओळींतून एक ओळ निवडावी लागते.

ही निवड करताना २००६ ते २०२० या काळात काय काय झालं, त्याचा हा इतिहास आहे. तो साऱ्या महाराष्ट्राचा असला, तरी आर्णीतून पाहिला की नीट दिसतो. कापूस, सोयाबीन, तूर, कोरडवाहू जमीन आणि पावसावर बेतलेलं पीककर्ज असा हा तालुका. याच तालुक्यातल्या दाभडी गावात २० मार्च २०१४ रोजी नरेंद्र मोदी ‘चाय पे चर्चा’साठी शेतकऱ्यांसमोर बसले आणि दाभडीचं नाव देशभर गेलं. शेतकऱ्याचं कर्ज हा देशाच्या राजकारणाचा विषय व्हायला तोवर आठ-दहा वर्षं उलटली होती.

वहीतली ओळ

जमिनीची नोंद ठेवण्याचं काम वऱ्हाडात नवं नाही. १८५३मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला आणि पुढच्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर इथे जमिनीची मोजणी सुरू झाली. शेताला नंबर, नंबराला खातेदार आणि खातेदाराला सारा, अशी ती मांडणी होती. आज आपण ज्याला सातबारा म्हणतो तो गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा जोड. सातवर हक्क, बारावर पीक. एका खातेदाराची गावातली सगळी जमीन एकत्र पाहायची तर आठ-अ काढायचा. वारस लागला, खरेदी झाली, वाटणी झाली की नमुना सहामध्ये फेरफार नोंदवायचा आणि मग सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस करून नवं नाव चढवायचं.

हा कंस नीट पाहण्यासारखा आहे. तलाठ्याने जुनं नाव खोडून नाहीसं केलं नाही. इतिहास राहू दिला, पण आज कोणती ओळ जिवंत आहे ते खुणेने सांगितलं, आणि शेजारी फेरफार क्रमांक लिहून ते कशाच्या आधारावर तेही सांगितलं. सातबारा हातात घेतलेल्या माणसाला चार नावांपैकी कोणतं धरायचं हे विचारावं लागत नाही. बँकेचं कर्जही त्याच कागदावर येतं. ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजा चढतो, कर्ज फिटलं की उतरतो. ‘सातबारा कोरा करा’ ही आंदोलनातली मागणी इथूनच आली.

म्हणजे अनेक ओळींतून खरी ओळ ओळखण्याची रीत गावाच्या दफ्तरात होती. ती चालत होती, कारण एका वेळी एकच वही उघडलेली असे. प्रश्न उभा राहिला तो दोन-चार वह्या एकमेकींना जोडायची वेळ आली तेव्हा.

दोन पॅकेजं, दोन मापं

२००६च्या जून अखेरीस पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले. त्यांनी जाहीर केलेलं ३,७५० कोटींचं पॅकेज अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी होतं. त्यात थकीत कर्जावरच्या ७१२ कोटींच्या व्याजाची माफी होती. इथे मोजायचं माप सोपं होतं. जिल्हा यादीत असेल आणि खातं थकीत असेल, तर व्याज माफ. शेतकरी कोण, त्याचं घर किती जणांचं, दुसऱ्या बँकेत त्याचं काय आहे, हे कोणी विचारायचं कारण नव्हतं. मोजायचा घटक होता खातं.

२९ फेब्रुवारी २००८च्या अर्थसंकल्पात देशव्यापी कर्जमाफी आली. सुरुवातीचा आकडा ६०,००० कोटींचा होता. या वेळी खात्यासोबत जमीनही मोजायची होती. दोन हेक्टरपर्यंतच्या, म्हणजे साधारण पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी आणि त्यावरच्याला थोडीशी सवलत. पश्चिम महाराष्ट्रातल्या बागायती पाच एकरांत आणि यवतमाळच्या कोरडवाहू पाच एकरांत किती अंतर आहे हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. आठ-दहा एकर कापसाचा धनी कागदावर मोठा शेतकरी ठरला आणि पूर्ण माफीच्या बाहेर राहिला. विदर्भाने त्या वेळी केलेली ही तक्रार रास्तच होती.

आमच्या विषयाच्या दृष्टीने २००८चं महत्त्व आणखी एका कारणाने आहे. बँकेकडचं कर्ज आणि महसुलाकडची जमीन अशा दोन याद्या त्या वेळी जोडायच्या होत्या. ते काम बँकांच्या शाखांत, बहुतांशी हाताने झालं. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा या योजनेवरचा अहवाल मार्च २०१३मध्ये संसदेत आला. तपासलेल्या ९०,५७६ प्रकरणांपैकी २२.३२ टक्क्यांत त्यांना त्रुटी आढळल्या. पात्र माणसं राहून गेली होती, अपात्रांना लाभ मिळाला होता आणि काही ठिकाणी कागदांवर खाडाखोड होती. सरकारी कारभारात या अहवालाचा एक धडा घेतला गेला. पुन्हा कर्जमाफी झालीच, तर ती संगणकावर करायची आणि आधार क्रमांक मागायचा.

‘कुटुंब’ कोणत्या तक्त्यात?

१ जून २०१७ला नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. दूध, भाजीपाला अडला. ११ जूनला सरकारने कर्जमाफी तत्त्वतः मान्य केली आणि २४ जूनला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. रक्कम ३४,०२२ कोटी, लाभार्थी ८९ लाख शेतकरी. दीड लाखापर्यंतची थकबाकी माफ. त्यापेक्षा जास्त असेल तर वरची रक्कम शेतकऱ्याने आधी भरायची, मग सरकार दीड लाख देणार. नियमित फेडणाऱ्याला प्रोत्साहन म्हणून कर्जाच्या २५ टक्के किंवा २५,००० रुपये, यांतलं जे कमी असेल ते. कर्ज १ एप्रिल २००९ ते ३१ मार्च २०१६ या काळात घेतलेलं आणि ३० जून २०१६ रोजी थकीत असलेलं हवं. आणि सगळ्यात महत्त्वाची अट, लाभ कुटुंबाला. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि १८ वर्षांखालची मुलं.

धोरण म्हणून ही अट समजण्याजोगी होती. एका घरात चार खाती दाखवून चारदा माफी घ्यायला वाव राहू नये, हा हेतू. पण ही अट जिथे राबवायची ती माहिती कशी होती? बँकेच्या तक्त्यात कर्जखातं होतं. महसुलाच्या तक्त्यात खातेदार होता. आधारच्या तक्त्यात व्यक्ती होती. रेशनकार्डावर घर होतं, पण ते एकत्र चुलीचं. त्यात आई-वडील, लग्न झालेला भाऊ, त्याची बायको असे सगळे. पती, पत्नी आणि अज्ञान मुलं एवढंच कुटुंब यांतल्या एकाही तक्त्यात नव्हतं.

ज्या गटातून एक निवडायचा, तो गटच नोंदीत नसेल तर तो बाहेरून आणावा लागतो. म्हणून ऑनलाइन अर्ज आला. २४ जुलै २०१७पासून आपले सरकार सेवा केंद्रांत शेतकऱ्यांच्या रांगा लागल्या. पती-पत्नी दोघांनी यायचं, दोघांनी अंगठा द्यायचा. नांगर, विळा आणि फवारणीच्या पंपाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला जुळेनात. नेटवर्क जाई, सर्व्हर अडे. मुदत १५ सप्टेंबरवरून २२ सप्टेंबरवर गेली. दुसरीकडे बँकांना प्रत्येक खात्याची माहिती ६६ रकान्यांत भरून द्यायची होती. ऑक्टोबरमध्ये गावोगाव अर्जदारांच्या यादीचं चावडी वाचन झालं.

अर्ज आले ते ५६ लाखांहून थोडे अधिक, आणि त्यांतली कर्जखाती ७७ लाखांच्या आसपास. जाहीर झालेला ८९ लाखांचा आकडा बँकांच्या माहितीतून आलेला होता. या तफावतीवरून तेव्हा मोठं राजकारण झालं. एका बाजूने बोगस शेतकऱ्यांचा आरोप, दुसऱ्या बाजूने फसवणुकीचा. पण ५६ आणि ७७ हे दोन आकडे शेजारी ठेवले तरी निम्मी गोष्ट उलगडते. हे त्याच लोकांचे दोन आकडे आहेत. एकात अर्ज मोजले, दुसऱ्यात खाती. ओळी मोजणं आणि माणसं मोजणं यांतला हा फरक.

तीन खात्यांचं एक घर

काम नेमकं कुठे अडतं ते पाहायला एक कल्पित घर घेऊ. आर्णी तालुक्यातलं म्हणू. नवऱ्याच्या नावावर जमिनीचे दोन गट, बायकोच्या नावावर एक. नवऱ्याचं गावच्या सेवा सहकारी सोसायटीचं ६२,००० रुपयांचं पीककर्ज आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं ९४,००० रुपयांचं. बायकोचं सोसायटीचं ४८,०००. एकूण २,०४,०००.

पहिला अडथळा जोडणीचा. कर्जाच्या तक्त्याला जमिनीचा तक्ता नावावरून जोडला की नवऱ्याचं प्रत्येक कर्ज त्याच्या प्रत्येक गटासमोर एकदा येतं. दोन कर्जं, दोन गट, चार ओळी. त्याचे १,५६,००० आता ३,१२,००० दिसतात. बायकोचे ४८,००० मिळवले की घराची थकबाकी ३,६०,००० होते. संगणकाने बेरीज बरोबर केलेली असते. चुकीचं झालेलं असतं ते बेरजेच्या आधीचं. ज्यांना हे काम रोज करावं लागतं ते म्हणूनच कर्जाची बेरीज माणूसवार आधी करून घेतात, जमिनीची बेरीजही माणूसवार आधी करतात, आणि मग माणसाची एक ओळ माणसाच्या एका ओळीला जोडतात.

दुसरा अडथळा खात्याच्या पोटात आहे. गावाकडे पीककर्जाचं ‘नवं-जुनं’ करतात. मार्चअखेर जुनं कर्ज भरल्याचं दाखवायचं आणि त्याच दिवशी नवं उचलायचं. शेतकऱ्याच्या हातात पैसा येत नाही, पण खातं थकीत होत नाही आणि व्याजाची सवलत टिकते. आता आपल्या घरातल्या सोसायटीच्या खात्याचा इतिहास असा धरू : मार्च २०१३ला ५०,०००, मार्च २०१४ला ७०,०००, मार्च २०१५ला ६२,०००. पुढच्या मार्चला कापूस गेला, भरणा झाला नाही, खातं थकलं. कर्ज एकच, ओळी तीन. तिन्हींची बेरीज केली तर १,८२,००० येतात, जे या माणसाने कधीच एकदम देणं लागलेलं नाही. खरी ओळ शेवटची, ६२,०००ची.

शेवटची ओळ मागायची कशी? एसक्यूएल या भाषेत गटवार हिशेबाला ‘ग्रुप बाय’ म्हणतात. ‘प्रत्येक खात्याची सर्वांत मोठी तारीख आणि सर्वांत मोठी रक्कम दे’ असं सांगितलं, तर यंत्र मार्च २०१५ आणि ७०,००० असं उत्तर देतं. तारीख एका ओळीतली, रक्कम दुसरीतली. अशी ओळ वहीत कधी नव्हतीच. नवख्या माणसाकडून सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच, आणि ती पकडणं अवघड, कारण उत्तर दिसायला अगदी खरं दिसतं.

तिसरा अडथळा नवं-जुनं करण्यातच आहे. ३१ मार्च २०१५ला या खात्यात दोन नोंदी पडल्या. ७०,००० जमा होऊन जुनं कर्ज शून्य झाल्याची एक, आणि ६२,०००चं नवं कर्ज दिल्याची दुसरी. तारीख दोन्हींची तीच. ‘तारखेने शेवटची ओळ दे’ म्हटलं तर दोन्ही शेवटच्या. यंत्राने शून्याची ओळ उचलली तर या माणसावर कर्जच नाही आणि तो यादीतून बाहेर. दुसरी उचलली तर आत. म्हणून तारीख सारखी असेल तर पुढे काय पाहायचं, नोंद क्रमांक की कर्जाचा प्रकार, हे आधी ठरवून सांगावं लागतं. गारपीट-दुष्काळानंतर ज्या कर्जाचं पुनर्गठन झालं, त्या खात्यांत हा गुंता आणखी वाढतो. मूळ पीककर्ज आणि त्याचं झालेलं मध्यम मुदतीचं कर्ज, दोन्ही नोंदीत असतात.

साधन होतं

हे प्रश्न २०१७ला जन्मलेले नव्हते. आयबीएममधले संशोधक एडगर कॉड यांनी १९७०मध्ये माहिती तक्त्यांत ठेवून समान रकान्यांनी जोडण्याची कल्पना मांडली. १९७४मध्ये त्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्या तक्त्यांना प्रश्न विचारायची भाषा रचली, तीच पुढे एसक्यूएल झाली. १९८६ला तिला अमेरिकेत मानक म्हणून मान्यता मिळाली. या भाषेत गटाची बेरीज, सरासरी, कमाल, किमान पहिल्यापासून होती. गटातली अख्खी ओळ उचलायची सोय मात्र सरळ नव्हती. आधी प्रत्येक गटाची मोठी तारीख काढायची आणि मग ती पुन्हा मूळ तक्त्याला जोडून ओळ शोधायची, असा वळसा घ्यावा लागे, आणि तारखा सारख्या असल्या की तिथेही दोन ओळी येत.

१९९९च्या सुमाराला ओरॅकलने आणि २००३च्या मानकाने ही अडचण दूर केली. प्रत्येक खात्याच्या ओळी वेगळ्या करा, त्या तारखेने आणि मग नोंद क्रमांकाने उतरत्या लावा, प्रत्येकीला क्रमांक द्या, आणि एक क्रमांकाची ठेवा. ‘रो नंबर’, ‘पार्टिशन बाय’, ‘ऑर्डर बाय’ या तीन शब्दांत हे काम होतं. पोस्टग्रेसमध्ये ही सोय २००९ला आली. मायएसक्यूएलने ती द्यायला २०१८ उजाडलं. त्याआधी मायएसक्यूएलची आणखी एक सवय होती. गटवार हिशेबात ज्या रकान्याचं काय करायचं ते सांगितलेलं नाही, त्यात ते गटातली कोणतीही एक किंमत भरून मोकळं होई, तक्रार न करता. २०१५च्या ५.७ आवृत्तीपासून ते मूळ मांडणीतच अडवू लागलं. नियम सांगा, नाहीतर उत्तर देणार नाही.

हा बदल तांत्रिक आहे, पण राज्यकारभारालाही लागू पडावा असा आहे. यंत्राला ‘एक निवड’ एवढंच सांगून भागत नाही. कोणत्या गटातून, कोणत्या क्रमाने, आणि बरोबरी झाली तर कशावरून, ही तिन्ही उत्तरं द्यावी लागतात. ती नसतील तर यंत्र अडतं किंवा मनाने निवडतं. दुसरी गोष्ट जास्त धोक्याची.

हिरवी यादी, पिवळी यादी

१८ ऑक्टोबर २०१७ला, ऐन दिवाळीत, मुंबईत कर्जमाफीची पहिली प्रमाणपत्रं वाटली गेली. त्यानंतरच्या आठवड्यांत बँकांकडे गेलेल्या याद्यांत घोळ निघाला. अनेक शेतकऱ्यांच्या नावापुढे एकच आधार क्रमांक, कुठे एकच बचत खातं. आधार हीच माणूस ओळखायची किल्ली धरलेली असताना ती शेकडो नावांना सारखीच लागली, तर सगळे मिळून यंत्राच्या लेखी एक माणूस होतात. सक्तीचा रकाना रिकामा ठेवून फाईल पुढे जात नाही, म्हणून त्यात काहीतरी भरलं जातं, हे दफ्तरात बसलेल्या कुणालाही ठाऊक असतं. ६६ रकान्यांच्या तक्त्यात असे सक्तीचे रकाने पुष्कळ असतात. नोव्हेंबरात माहिती तंत्रज्ञान विभागाच्या प्रधान सचिवपदाची सूत्रं दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेली आणि याद्या पुन्हा तपासायला घेतल्या.

आता नावं रंगांनी ओळखली जाऊ लागली. अर्ज आणि बँकेची माहिती जुळली तर ग्रीन लिस्ट, काही जुळलं नाही तर यलो लिस्ट. शेतकरी सोसायटीच्या गटसचिवाला विचारायचा, ‘ग्रीनमध्ये आलं का जी नाव?’ आणि गटसचिव बँकेकडे बोट दाखवायचा. न जुळलेली प्रकरणं तालुकास्तरीय समित्यांकडे आली. ज्या कामासाठी संगणक आणला होता ते अखेर कागद पुढ्यात घेऊन, खातेउतारा, सातबारा आणि आधारकार्ड शेजारी शेजारी ठेवून, माणसांनी निस्तरलं. त्या माणसांना गाव माहीत होतं. यादीत दोनदा आलेलं नाव दोन चुलतभावांचं की एकाच माणसाचं, हे त्यांना विचारून कळत होतं.

दरम्यान मूळ अटही टिकली नाही. २०१८मध्ये सरकारने कुटुंबाऐवजी व्यक्ती हा घटक धरायचं मान्य केलं. त्याचा अर्थ आपल्या तीन खात्यांच्या घरावर लावून पाहू. कुटुंब धरलं तर थकबाकी २,०४,०००. म्हणजे आधी ५४,००० रुपये भरा, मग दीड लाख माफ. बोंडअळीने कापूस खाल्लेल्या त्या २०१७च्या हंगामानंतर ५४,००० रोख कुठून आणायचे? व्यक्ती धरली तर बायकोचे ४८,००० पूर्ण माफ आणि नवऱ्याला फक्त ६,००० भरायचे. कर्ज बदललं नाही, बँक बदलली नाही, माफीची मर्यादाही बदलली नाही. ‘एक’ कोणाला म्हणायचं एवढंच बदललं.

माणूस हाच घटक

२१ डिसेंबर २०१९ला नागपूर अधिवेशनात मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना जाहीर केली. २७ डिसेंबरच्या शासन निर्णयात घटक स्पष्ट होता, वैयक्तिक शेतकरी. १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळातलं, ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकीत असलेलं, दोन लाखांपर्यंतचं पीककर्ज माफ. अर्ज नाही. बँका माहिती चढवतील, प्रत्येक कर्जखात्याला एक विशिष्ट क्रमांक मिळेल, शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन आधारने पडताळायचं आणि रक्कम मान्य आहे की नाही ते सांगायचं. मान्य नसेल तर तक्रार.

२४ फेब्रुवारी २०२०ची पहिली यादी मुद्दाम लहान ठेवली होती. ६८ गावं, १५,३५८ शेतकरी. चुका लहान यादीत सापडाव्यात, लाखांच्या यादीत नव्हे, हा शहाणपणा २०१७च्या किमतीवर आलेला होता. महिन्याभरात करोनाची टाळेबंदी आली, अंगठ्याची यंत्रं थांबली, काम लांबलं; तरी पुढच्या वर्षभरात ३० लाखांहून अधिक शेतकऱ्यांपर्यंत लाभ पोचला. घटक नोंदीतलाच निवडला, म्हणून जोडणी सोपी झाली. आपल्या कल्पित घराचे आकडे या निकषात बसवले तर नवऱ्याचे १,५६,००० आणि बायकोचे ४८,०००, दोन्ही पूर्ण माफ, एक रुपयाही न भरता.

पण या नियमालाही धार होती. थकबाकी दोन लाखांच्या वर गेली की काहीच नाही. एक लाख नव्व्याण्णव हजारांवाला सुटला आणि दोन लाख एक हजारवाला तसाच राहिला. नियम सोपा असला म्हणजे न्याय्य असतोच असं नाही. सोप्या नियमाचा गुण एवढाच, की कोण का सुटला आणि कोण का राहिला ते गावात कोणालाही समजतं आणि त्यावर भांडता येतं. २०१७च्या यलो लिस्टमधल्या माणसाला आपण कशात अडलो हेच कळत नव्हतं.

प्रश्न पुन्हा तोच

त्यानंतरच्या योजनांतही ही निवड संपलेली नाही. पीएम किसानमध्ये पुन्हा पती, पत्नी आणि अज्ञान मुलं हेच कुटुंब आहे. २०२४च्या लाडकी बहीण योजनेत एका कुटुंबातली एक विवाहित आणि एक अविवाहित अशी अट आली, म्हणजे गटातून एकाऐवजी दोन ओळी. २०२५च्या जुलैमध्ये सुमारे २६ लाख नावांचा लाभ पडताळणीसाठी थांबवला गेला, तेव्हा त्यातलं एक कारण हेच होतं : एका घरात दोनपेक्षा अधिक लाभार्थी. घर कशावरून मोजलं? रेशनकार्डावरून. आणि रेशनकार्डावरचं घर म्हणजे एका चुलीवरचे सगळे, हा २०१७चाच तिढा. ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक आता जमिनीचे गट आणि आधार एकत्र बांधतो आहे. त्याने माणसाची एक ओळ पक्की होईल. कुटुंबाची नाही, कारण कुटुंब कोणाला म्हणायचं हे यंत्राने ठरवायचं नसतं.

आर्णीसारख्या तालुक्याने चौदा वर्षांत चार मापं पाहिली : खातं, जमीन, कुटुंब, व्यक्ती. दर वेळी चर्चा रकमेची झाली. किती कोटी, किती लाखांपर्यंत, किती शेतकरी. घटक कोणता, तो आपल्या कोणत्या नोंदीत आहे, आणि दोन नोंदी सारख्या आल्या तर कोणती धरायची, हे तीन प्रश्न घोषणेच्या दिवशी कोणी विचारले नाहीत. ते यादी लागल्यावर विचारले गेले, तेही शेतकऱ्याने, सोसायटीच्या दारात उभं राहून. पुढची कर्जमाफी जेव्हा केव्हा जाहीर होईल, तेव्हा रकमेच्या आधी या तीन प्रश्नांची उत्तरं शासन निर्णयात छापून यायला हवीत, आणि पहिल्या यादीच्या आधी चावडीवर वाचून दाखवायला हवीत. कंस कुठे करायचा हे तलाठ्याला माहीत असतं, कारण फेरफाराचा नियम त्याला आधीच लिहून दिलेला आहे. कर्जमाफीच्या यादीलाही तेवढंच हवं.